रविवारचे मटण आणि माझे एलडीएल

आषाढाच्या तोंडावर केलेल्या तपासणीत माझे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, १५२ निघाले. मधुमेह नव्हता आणि रक्तदाब आटोक्यात होता, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याआधी तीन महिने आहार बदलून पाहण्यास सांगितले. आता मटण बंद, असे मी गृहीतच धरले. नाशिकमध्ये माझ्या माहेरी आणि सासरी रविवार म्हणजे काळ्या मसाल्याचे मटण आणि बाजरीची भाकरी, त्यामुळे मन खट्टू झाले होते.

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र आधी माझ्या रश्श्याची कृती मापांसह लिहून घेतली आणि मग हिशेब मांडला. चरबी काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम बोकडाच्या मांसात संपृक्त चरबी, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी, साधारण १ ग्रॅम असते, तर तेवढ्याच सुक्या खोबऱ्यात ती ५५ ग्रॅमच्या वर जाते. चौघांच्या रश्श्यासाठी मी ६० ग्रॅम खोबरे वाटत होते. म्हणजे माणशी ८ ग्रॅम तर नुसत्या वाटणातूनच जात होती आणि मांसाला लागून आलेली चरबी व तिची तर्री वेगळीच. एलडीएल उतरवायचे असेल तर २००० कॅलरीच्या आहारात दिवसभरात या चरबीची मर्यादा सुमारे १३ ग्रॅम आहे, हे ऐकून मी वही मिटली.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही त्यांनी समजावून सांगितला. त्यात ३६ जणांना भाज्या, फळे व धान्यांच्या आहारात रोज ११३ ग्रॅम कमी चरबीचे गोमांस देऊनही एलडीएल सुमारे १० टक्के उतरले होते. त्या अभ्यासाला गोमांस उद्योगाचा पैसा होता आणि आपले मांस बोकडाचे, म्हणून तो परवाना समजू नये, असेही त्यांनी बजावले. मला तो प्रामाणिकपणा फार भावला. मटण आठवड्यातून एकदाच आणि शिजवलेले मांस ९० ग्रॅमपर्यंत, असे ठरले. कलेजी आणि भेजा बंद झाले, कारण त्यांत कोलेस्टेरॉलच फार असते.

नेहमीच्या खाटकाकडे मांडीचे मांस मागितले आणि दिसेल ती चरबी काढून द्यायला सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "ताई, चरबीशिवाय रश्श्याला चव कशी येणार?" पहिल्या रविवारी त्यांचे म्हणणे खरे ठरले, मांस चिवट झाले आणि घरात कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही. पुढच्या वेळी दही, आले आणि थोडी कच्ची पपई लावून मांस तीन तास ठेवले व शनिवारी संध्याकाळीच कुकरमध्ये शिजवले. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या पाण्यावर पांढरा थर गोठला होता. तो चमच्याने काढताना, इतकी वर्षे मी हाच थर आवडीने वाढत आले, या विचाराने वाईट वाटले. वाटणात खोबरे दोनच चमचे घेतले, कांदा दुप्पट भाजला आणि दाटपणासाठी फुटाण्याची डाळ वाटून घातली. काळ्या मसाल्यामुळे चवीत फारसा फरक पडला नाही.

मिसळ सोडली नाही, पण तर्री आणि फरसाण वगळून मोडाची मटकी दह्याबरोबर खाऊ लागले आणि सकाळी चाळीस मिनिटे चालणे सुरू केले. तीन महिन्यांनी एलडीएल १२६ आले. त्यात कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. गोळीचा निर्णय त्यांनी पुढच्या तपासणीवर ठेवला आहे. खाटीकदादा आता रविवारी न सांगता मांडीचा तुकडा बाजूला काढून ठेवतात.