ओलिंपोसच्या भट्टीपाशी: ग्रीसमधल्या एका डोंगरगावातले सहा दिवस

ओलिंपोस म्हटलं की देवांचा पर्वत डोळ्यांसमोर येतो. मी गेलो होतो ते त्याच नावाचं एक गाव आहे. कार्पाथोस बेटाच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या धारेवर वसलेलं. इथल्या बायका सणासाठीच नव्हे, रोजही जुनाच पेहराव करतात, म्हणजे निदान वयस्क बायका तरी. गडद झगा, फुलाफुलांचा काळा रुमाल आणि पायात चामड्याचे उंच बूट. फोटो काढणाऱ्याला एवढं वाचूनच मोह होतो. मलाही झाला, आणि पहिल्याच सकाळी चूक झाली.

गावात लाकडावर पेटणाऱ्या मातीच्या भट्ट्या आहेत. एक आजी भट्टीतले निखारे बाजूला ओढत होत्या. मागे फळीवर कापडाखाली पावाचे गोळे फुगत होते. उजेड सुरेख होता. मी न विचारता तीनचार फोटो काढले. शटरचा आवाज ऐकताच आजींनी पाठ फिरवली आणि रुमाल पुढे ओढला. एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या पाठीची मला दिवसभर लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवूनच गेलो. "कालिमेरा" म्हणालो आणि कडेला बसलो. भट्टी तापली की राख झाडतात, मग लांब दांड्याच्या फळीने एकेक गोळा आत सरकवतात आणि तोंड बंद करतात. त्यांनी मला सरपणाची मोळी जवळ आणायला खुणावलं, मी आणली. तासाभराने पाव निघाला. त्यांनी तो मोडून अर्धा माझ्या हातात दिला. वर तीळ, आत वाफ. तेव्हा मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून "बोरो?" म्हणजे "काढू का?" असं विचारलं. त्यांनी मान हलवली, पण आधी आत जाऊन रुमाल बदलून आल्या.

तिथे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: गावात राहा. बहुतेक लोक पिगाडिया या बेटाच्या मुख्य शहरातून होडीने दियाफानी बंदरात उतरतात, बसने वर येतात आणि दुपारी परत जातात. त्या चार तासांत गल्ल्या भरून जातात आणि गावकरी दुकानदार होतात. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर गाव आपलं असतं. खोल्या थोड्या आहेत. ऑगस्टात जायचं तर काही महिने आधी ठरवा. गावात जागा मिळाली नाही तर दियाफानीत बघा.

अथेन्सहून कार्पाथोसला विमान आहे. अथेन्सच्या पिरेउस बंदरातून बोटही आहे, पण तिला रात्र धरून बराच वेळ लागतो. विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, म्हणून गाडी भाड्याने घेतलेली बरी. पिगाडियातच टाकी भरा आणि रोख युरो जवळ ठेवा. रस्ता आता डांबरी आहे, पण वळणं अवघड आणि वारा जोराचा. ऑगस्टात 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस वाहतो. माझा ट्रायपॉड सहा दिवसांत एकदाच उभा राहिला. ३५ एमएमची एक लेन्स पुरली.

मी १५ ऑगस्टसाठीच गेलो होतो. मेरीमातेच्या देहावसानाचा हा सण. त्याआधी १ तारखेपासून उपवास धरतात. मुंबईतून गणपतीला कोकणात परतणाऱ्या चाकरमान्यांसारखे पिरेउस, रोड्स आणि अगदी अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून लोक गावी येतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. प्रार्थना चालू असताना फ्लॅश वापरू नका, मी तर तिथे कॅमेराच बाहेर काढला नाही. प्रार्थनेनंतर सगळं गाव एकत्र जेवतं.

मग वादक टेबलाभोवती बसतात. मांडीवर उभी धरलेली तीन तारांची लिरा, तिच्या गजाला लावलेली बारीक घुंगरं. सोबत लाउटो नावाचं तंतुवाद्य आणि बकरीच्या कातड्याची पिशवी फुंकून वाजवायचं त्साबूना. पुरुष आळीपाळीने मांतिनादा गातात, म्हणजे तिथेच जुळवलेल्या दोन यमकी ओळी. पंधरा अक्षरांची ओळ, आणि विषय त्या दिवसाचा, त्या घराचा. वर्षभरात गेलेल्या माणसाचं नाव एका मांतिनादेत आलं आणि वाजवणाऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळलं, गज मात्र थांबला नाही. जात्यावर बसून मनातलं ओवीत घालणाऱ्या आपल्या बायका आठवल्या. मला भाषा कळत नव्हती. शेजारच्या एका तरुणाने इंग्रजीत अर्थ सांगितला नसता, तर मी फक्त घुंगरं टिपली असती.

नंतर नाच. हातात हात गुंफलेली साखळी अगदी सावकाश पुढे सरकते. मुली पूर्ण पोशाखात येतात, छातीवर सोन्याच्या नाण्यांच्या माळा. थोरल्या मुलीला इथे 'कानाकारा' म्हणतात. आईची मालमत्ता तिच्याकडे जाते, वडिलांची थोरल्या मुलाकडे. म्हणून ती नाणी नुसता दागिना नाहीत, तिच्या घराचा हिशेब तिथे लटकलेला असतो. नाच पहाटेपर्यंत चालतो. दुपारी झोपून घ्या, आणि साखळीच्या आत शिरून फोटो काढू नका.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. घरी वळलेल्या 'माकारुनेस' म्हणजे पास्ता, वर परतून तपकिरी केलेला कांदा आणि चीज. सणाच्या जेवणात मात्र बकरीचं मटण असतं, ते नको असेल तर आधी सांगा. गर्दी नको असेल तर ईस्टरनंतरचा मंगळवार निवडा. त्या दिवशी मूर्तिचित्रं घेऊन मिरवणूक दफनभूमीत आणि शेतांतून जाते. ऑर्थोडॉक्स ईस्टर पुष्कळदा आपल्या कॅलेंडरवरच्या तारखेला नसतो, तेवढं तपासा.

शेवटच्या दिवशी भट्टीवाल्या आजींनी घरात बोलावलं. एकच खोली, भिंतभर ताटल्या आणि मधोमध नवऱ्याचा जुना फोटो. त्यांनी त्या फोटोखाली खुर्ची ठेवली, हात मांडीवर जुळवले आणि मला "आता काढ" असं खुणावलं. पुण्याला आल्यावर दोन प्रिंट टपालाने पाठवले. त्यांनी लिहून दिलेल्या पत्त्यात घरक्रमांक नव्हता. त्यांचं नाव, ओलिंपोस, कार्पाथोस, एवढंच. महिन्याभराने, मांतिनादांचा अर्थ सांगणाऱ्या त्या तरुणाने मला एक फोटो पाठवला. नवऱ्याच्या शेजारी, ताटल्यांच्या मधे, माझा प्रिंट लावलेला होता.