आमची वाटचाल: हार्डनेसच्या आकड्यापासून भेगेच्या कारणापर्यंत

भोसरी एमआयडीसीत आमच्या धातू तपासणी लॅबची सुरुवात रॉकवेल हार्डनेस टेस्टर (धातूचा कठीणपणा मोजणारं मशीन) आणि मेटलर्जिकल मायक्रोस्कोप एवढ्यावरच झाली. आसपासच्या मशीनशॉपना तेव्हा दोनच गोष्टी हव्या असत. आलेला बार टीसीप्रमाणे (टेस्ट सर्टिफिकेटप्रमाणे) आहे का, आणि हीट ट्रीटमेंटहून परत आलेला माल ड्रॉइंगमधल्या हार्डनेसमध्ये बसतो का.

स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे ठिणगी (स्पार्क) पाडून धातूतले घटक मोजणारं मशीन, आला तो बारच्या सरमिसळीमुळे. ईएन १९ आणि ईएन २४ हे पोलादाचे ग्रेड रॅकवर शेजारी पडले की डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. १.३ ते १.८ टक्के निकेल दिसलं की तो ईएन २४, हे मशीन मिनिटभरात सांगतं. कास्ट आयर्नचं मात्र वेगळं आहे. तयार कास्टिंगचा तुकडा स्पार्कवर लावला तर मोकळ्या ग्राफाइटमुळे कार्बनचा आकडा चुकतो. त्यासाठी रस तांब्याच्या साच्यात ओतून पांढरा गोठवलेला नमुना लागतो. तो नसेल तर ड्रिल करून चुरा काढायचा आणि कार्बन-सल्फर वेगळ्या पद्धतीने काढायचं.

हार्डनेस तपासणी सोपी वाटते, पण सर्वाधिक वाद तिच्यावरूनच होतात. ५० एचआरसी (रॉकवेलवरचा हार्डनेसचा आकडा) मागितलेला जॉब ३८ दाखवतो आणि शॉपवाला थेट हीट ट्रीटमेंटवाल्याला डेबिट नोट पाठवतो. आम्ही आधी त्या जागी अर्धा मिलिमीटर ग्राइंड करून पुन्हा मोजतो. आकडा ५० वर गेला तर वरच्या कातडीतला कार्बन जळालेला आहे. आतही ३८ च राहिला तर क्वेंचिंग (तापलेला जॉब झटकन थंड करणं) नीट झालेलं नाही किंवा ग्रेड वेगळा आहे. २०एमएनसीआर५ या पोलादाच्या, केस हार्डन केलेल्या (फक्त वरचा थर, म्हणजे केस, कठीण केलेल्या) पिनवर १५० किलोचा एचआरसी घेणं धोक्याचं. केस पातळ असेल तर मऊ गाभा दबतो आणि आकडा कमी येतो. अशी पिन आडवी कापून, मोल्ड करून, १ किलो भाराने पृष्ठभागापासून आत ०.१ मिमीच्या टप्प्यांनी विकर्स हार्डनेस (एचव्ही) घेतो. जिथे आकडा ५५० एचव्हीवर उतरतो तिथपर्यंत केस डेप्थ धरायची.

फेल्युअर ॲनालिसिस, म्हणजे जॉब का तुटला किंवा तडकला ते शोधणं, हे काम ग्राहकांच्या प्रश्नातूनच उभं राहिलं. भेग पडलेला जॉब हातात घेऊन बारवाला, हीट ट्रीटमेंटवाला आणि ग्राइंडिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. "मटेरियल ओके" असा रिपोर्ट तिथे कुणाच्याच कामाचा नाही. भेग कोणत्या टप्प्यावर पडली, हे सांगता आलं पाहिजे, आणि बहुतेक वेळा ते भेगेच्या कडांवर लिहिलेलं असतं.

त्यासाठी भेगेला काटकोनात, भरपूर कूलंट सोडून नमुना कापतो. एमरी पेपर २२०, ४००, ६००, ८००, १००० असे चढवत नेतो आणि दर पेपरला नमुना ९० अंशांत फिरवतो, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. मग डायमंड पेस्टने पॉलिश. भेगेत काय भरलंय ते आधी एच न करताच (आम्ल न लावताच) बघतो. त्यानंतर ९८ मिली अल्कोहोलमध्ये २ मिली नायट्रिक आम्ल, म्हणजे २ टक्के नायटल.

भेगेत स्केल (भट्टीत तयार झालेला ऑक्साइडचा थर) भरलेला आणि दोन्ही कडांना कार्बन जळून उरलेल्या पांढऱ्या फेराइटचा पट्टा दिसला, तर भेग हार्डनिंगच्या भट्टीत जाण्याआधीचीच आहे. बारमधला सीम (बारच्या लांबीत गेलेली चीर) किंवा फोर्जिंगची घडी. त्याच हीटचा (एकाच वेळी वितळवलेल्या मालाचा) न वापरलेला बार कापला की सीमची खात्री होते. कडांचा कार्बन शाबूत आहे पण आत पातळ ऑक्साइड आहे आणि भेग दाण्यांच्या सीमेवरून गेली आहे, तर ती क्वेंचिंगमध्ये उघडली आणि टेंपरिंगच्या (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवण्याच्या) भट्टीत काळवंडली. काहीच नसेल, स्वच्छ असेल, तर टेंपरिंगनंतरची. त्यातही उथळ भेगांची जाळी किंवा ग्राइंडिंगच्या रेषांना काटकोनात भेगा असतील आणि एच केल्यावर वर पांढरा पट्टा व त्याखाली काळपट पट्टा निघाला, तर ग्राइंडिंगमध्ये पृष्ठभाग पुन्हा हार्डन होण्याइतका तापला होता. व्हील ग्लेझ झालेलं (धार जाऊन गुळगुळीत), कट जास्त किंवा कूलंट नेमक्या जागी न पोचणारा, ही नेहमीची कारणं.

चालू मशीनमध्ये तुटलेल्या शाफ्टवर बहुधा फटिग, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने हळूहळू वाढलेली भेग, निघतो. ओहोटीच्या पाण्याने वाळूवर सोडाव्यात तशा वक्र रेषा असतात, त्या जिथून पसरतात तिथे सुरुवात. ती जागा बहुतेकदा की-वेचा (की बसवायच्या खाचेचा) धारदार कोपरा किंवा रेडियस (गोलाई) न दिलेली स्टेप असते. शेवटी एकदम तुटलेला भाग लहान असेल तर भार फारसा नव्हता. ग्रेड बदलून खर्च वाढवण्याआधी रेडियस सुधारा, असं आम्ही स्पष्ट लिहितो.

झिंक प्लेटिंग केलेला १२.९ या जास्त ताकदीच्या ग्रेडचा बोल्ट घट्ट केल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोक्याखाली तुटला तर पोलादात शिरून ते ठिसूळ करणाऱ्या हायड्रोजनचा संशय. प्लेटिंगनंतर लगेच, साधारण चार तासांच्या आत, १९० ते २२० अंश सेल्सियसला बेकिंग झालं होतं का, हे आधी विचारतो. खात्रीसाठी एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागतो. तो आमच्याकडे नाही. बाहेरून करून घेतो आणि रिपोर्टमध्ये तसं नमूद करतो.

नमुना बिघडला तर कितीही चांगली मशिनरी असून उपयोग नाही. म्हणून विनंती एवढीच: तुटलेले तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका, वायरब्रश मारू नका, गॅसने कापू नका. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवा. सोबत ड्रॉइंग, हीट नंबर, हीट ट्रीटमेंटचा चार्ट आणि त्याच लॉटचा एक न वापरलेला जॉब द्या. तुकडा कुठून कापायचा ते फोटोवर खूण करून तुमच्याकडून मंजूर झाल्यावरच आम्ही कटर लावतो, आणि उरलेला भाग सील करून परत देतो, म्हणजे समोरच्या पार्टीला तो दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेता येतो.