ट्रेलरसाठी रोडसाइड असिस्टन्स घेताना: माझा अनुभव

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळी चर्चा किंमत, वजन आणि झोपायच्या जागा यावरच झाली. सासू-सासरे उन्हाळ्यात साताऱ्याहून डेन्व्हरला येणार, मुलं दोन आणि आम्ही दोघं, म्हणजे सहा माणसं. चोवीस फुटी, दोन ॲक्सलचा (म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं असलेला) सेकंडहँड ट्रेलर मिळाला. ओढायला आमची जुनी एक्सपेडिशन ही फोर्डची मोठी एसयूव्ही होतीच. रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवायची सोय, हा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता, कारण कारच्या पॉलिसीत तो वर्षानुवर्षं होता. दर सहामाहीला थोडेसे डॉलर जायचे आणि कधी लागला नव्हता.

ट्रेलरचा विमा काढायला कंपनीला फोन केला तेव्हा सहज विचारलं, की आपलं ते टोइंग (बंद गाडी ओढून नेणं) ट्रेलरलाही लागू आहे ना? पलीकडची बाई गोड बोलत होती. म्हणाली, गाडी बंद पडली तर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेऊ. आणि मागे जोडलेला ट्रेलर? तो पॉलिसीवर नाही. म्हणजे तुम्ही गाडी उचलून न्याल आणि ट्रेलर हायवेवर तसाच सोडाल? यावर तिने मला होल्डवर टाकलं. बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाली, "त्याची सोय तुम्हाला वेगळी करावी लागेल."

तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतला कारचा विमा साधारण असाच चालतो. ओढताना ट्रेलरने दुसऱ्या कुणाचं नुकसान केलं तर ओढणाऱ्या गाडीची लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर) बहुधा लागू होते. पण खुद्द ट्रेलरचं नुकसान, त्याचा फुटलेला टायर, त्याला ओढून नेणं, हे त्यात येत नाही. ट्रेलरला इंजिन नाही, त्यामुळे बऱ्याच अटींमध्ये 'वाहन' म्हणजे काय या व्याख्येतूनच तो बाहेर पडतो. त्या फोननंतर पुढचे कित्येक दिवस रात्री मुलं झोपली की मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून वेगवेगळ्या कंपन्यांच्या अटींच्या पीडीएफ वाचत बसायचे. नवरा म्हणायचा, "अगं, शंभर-दोनशे डॉलरची गोष्ट आहे, एक कुठलातरी घेऊन टाक." पण मला आता त्या व्याख्यांचा नाद लागला होता.

ढोबळमानाने पर्याय तीन. एक, विमा कंपनीकडून ट्रेलरच्या पॉलिसीवरच घेतलेली जोड. ही सगळ्यात स्वस्त. पण तिचा वापर केला की काही कंपन्या त्याची क्लेम म्हणून नोंद ठेवतात, हे आधी विचारून घ्यावं. दोन, ट्रिपल ए (अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन) सारखा ऑटो क्लब, म्हणजे गाडीवाल्यांची सभासद-संस्था. तीन, कोच-नेट किंवा गुड सॅम यांच्यासारख्या आरव्ही, म्हणजे ट्रेलरसारखी चाकांवरची घरं, डोळ्यासमोर ठेवून चालणाऱ्या सेवा. या दोन प्रकारांत वर्षाला साधारण शंभर ते अडीचशे डॉलर जातात.

ट्रिपल ए बद्दल इथल्या आपल्या लोकांत एक गैरसमज पक्का आहे: "आमच्याकडे ट्रिपल ए आहे, आम्हाला काळजी नाही." 1902 साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे खरं तर प्रादेशिक क्लबांचा संघ आहे. क्लासिक, प्लस आणि प्रीमियर अशा तिच्या पायऱ्या. क्लासिकमध्ये टोइंग अगदी थोडे मैल, प्लसमध्ये 100 मैल, प्रीमियरमध्ये वर्षातून एकदा 200 मैल आणि बाकीच्या वेळी 100. वर्षाला साधारण चार कॉल, म्हणजे चार वेळा मदत. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण ट्रेलर आणि मोटरहोमसाठी (स्वतःचं इंजिन असलेलं चाकांवरचं घर) बहुतेक क्लबांत प्लस किंवा प्रीमियरवर वेगळं आरव्ही कव्हर चढवावं लागतं, आणि नेमके नियम कुठल्या क्लबचे सभासद आहात त्यावर बदलतात. टेक्सासमधल्या मैत्रिणीने सांगितलेलं आमच्या कोलोराडोत जसंच्या तसं लागू होईल असं नाही. शिवाय वरची पायरी घेतली की वाढीव सोयी काही दिवसांनी सुरू होतात. निघायच्या आदल्या रात्री घेऊन उपयोग नाही.

ट्रिपल एची एक बाजू मात्र मला मनापासून आवडली. तिथे सभासदत्व माणसाचं असतं. मी मैत्रिणीच्या गाडीत बसले असताना ती बंद पडली तरी माझं कार्ड चालतं. विमा कंपनीची जोड असते ती त्या एका गाडीची. आमच्यासारख्या घरात, जिथे पाहुण्यांसाठी कधी गाडी भाड्याने घेतली जाते, कधी कुणाची आणली जाते, तिथे हा फरक मोठा.

आरव्हीवाल्या सेवांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं: कितीही मैल टोइंग. वाचून वाटतं, शेजारच्या युटा राज्यात बंद पडलो तर डेन्व्हरला घरी आणून सोडतील. तसं नाही. ते नेतात 'जवळच्या योग्य सर्व्हिस सेंटरपर्यंत', मग ते दहा मैलांवर असो वा दीडशे. योग्य कोणतं हे कोण ठरवणार, तिथे पुढच्या तीन आठवड्यांत तारीख मिळणार का, याबद्दल जाहिरात गप्प. तरीही आमच्यासारख्यांना हे मैलांच्या मर्यादेपेक्षा बरं, कारण पश्चिमेकडे अंतरं अफाट आहेत. आय-70 या हायवेवर युटामध्ये ग्रीन रिव्हर सोडलं की सलायनापर्यंत साधारण 110 मैल ना पेट्रोल पंप, ना गाव. तशी पाटीच लावलेली आहे. तिथे 'पहिले 15 मैल फुकट' म्हणजे वाळवंटात पाणपोई कुठे आहे ते सांगण्यासारखं.

एका रात्री मी एका वहीच्या पानावर आमची खरीखुरी परिस्थिती लिहून काढली आणि दुसऱ्या दिवशी एकेका कंपनीला तीच वाचून दाखवली. सहा माणसं, एक्सपेडिशन, मागे चोवीस फुटी ट्रेलर, आय-70, गाव पन्नास मैलांवर. गाडीचं ट्रान्समिशन गेलं. आता सांगा, काय काय कराल?

उत्तरं ऐकण्यासारखी होती. एकाने सांगितलं दोन्ही नेऊ, पण ते दोन कॉल धरले जातील. दुसऱ्याकडे तीच एक घटना होती. तिसरा म्हणाला, "ड्रायव्हर ठरवेल." माणसांचं विचारलं तर सगळेच जरा अडखळले. टो ट्रकच्या केबिनमध्ये दोन, फार तर तीन माणसं बसतात. बाकीच्यांनी काय करायचं? एकीने टॅक्सी पाठवू म्हटलं, पैसे आम्ही द्यायचे. बऱ्याच योजनांत घरापासून शंभर मैलांपलीकडे बंद पडलात तर हॉटेल, जेवण, भाड्याची गाडी यांचा खर्च ठरावीक रकमेपर्यंत पावत्या दाखवून परत मिळतो. ही सोय मी फारशी कुणाच्या तोंडून ऐकलेली नव्हती, आणि म्हातारी माणसं बरोबर असताना मला टोइंगइतकीच महत्त्वाची वाटली.

टायरचं वेगळं. टायर बदलून देणं म्हणजे तुमच्याकडची स्टेपनी चढवून देणं. स्टेपनी नसेल तर ते टायर आणतील, पण टायरचे पैसे तुमचे, आणि ट्रेलरला कारचा टायर चालत नाही, बहुधा एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर शिक्क्याचाच लागतो. कच्च्या रस्त्याचंही तसंच. पार्कमधल्या एखाद्या मातीच्या रस्त्यावर रुतलात तर बहुतेक जण डांबरी किंवा निगा राखलेल्या रस्त्यापासून काही फुटांपर्यंतच ओढून काढतात. फ्रिज बंद पडला, भिंतीसारखं बाहेर सरकणारं स्लाइड-आउट अडकलं, तर त्याचा रोडसाइडशी संबंध नाही. फिरता मेकॅनिक शोधून देतील, बिल तुमचं.

शेवटी आरव्हीसाठीच्या एका सेवेचा वर्षाचा प्लॅन घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमची गाडी, तुमचा रस्ता आणि तुमचा क्लब वेगळा असेल. आमचं गणित असं झालं: गाडी आणि ट्रेलर ही एकच घटना, दोन्ही नेणार, घरातल्या दोन्ही कार त्यात, आणि फोनवर तांत्रिक सल्ला देणारा माणूस. विमा कंपनीच्या कारवरची जोड बंद केली. फोनवर सांगितलेलं मी ईमेलने लिहून मागितलं. दोन कंपन्यांनी पाठवलं, एकीने "वेबसाइटवर सगळं आहे" म्हणून वाटेला लावलं. तिला यादीतून काढायला एवढं पुरलं.

सासरे महाराष्ट्रातल्या एसटी महामंडळाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ट्रेलर पाहिल्यावर त्यांनी आतला सोफा, गॅस, काही पाहिलं नाही; थेट खाली वाकून टायर बघितले. प्रत्येक टायरच्या कडेवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइलच्या उजेडात वाचले आणि मुलाला हाक मारली, "अरे, नक्षी नवीन दिसतेय, पण टायर सात वर्षांचा आहे. उन्हात उभं राहून रबर वाळतं." ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, पाच-सहा वर्षांत बदलावेत असं इथलेही सांगतात. दोन बदलले, दोन त्यामानाने नवे होते म्हणून ठेवले. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-70 वरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या 11,158 फुटांवरून खाली उतरताना सासरे, म्हणजे बाबा, अख्खा वेळ साइड मिररमध्ये चाकांकडे बघत होते.

आणि फुटला तो ठेवलेल्या दोनातलाच एक. ग्रीन रिव्हरच्या पुढे, सॅन राफेल स्वेल या डोंगराळ भागाचा चढ चढून गेल्यावर. बाकीचे ताशी 80 मैलांनी पळत होते, आम्ही 60 ने. टायर प्रेशरचा मॉनिटर किंचाळला, पाठोपाठ फटकन आवाज, आणि मागच्या आरशात काळ्या रबराचे तुकडे उडताना दिसले. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर घेतलं. चाकावरचा प्लास्टिकचा फेंडर अर्धा फाटून लोंबत होता. चाक रहदारीच्या बाजूचं.

आमच्याकडे जॅक होता, स्टेपनी होती, आणि पाना हातात घेऊन तयार असलेले सासरेही होते. "दहा मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. मी स्पष्ट नाही म्हटलं. ट्रक जवळून गेला की अख्खा ट्रेलर हलत होता. कडेला थांबलेल्या आपत्कालीन वाहनांसाठी येणाऱ्यांनी शेजारची लेन सोडायची असा कायदा पन्नासही राज्यांत आहे, काही राज्यांत तो बंद पडलेल्या गाड्यांनाही लागू आहे, पण सगळे सोडतातच असं नाही. सगळ्यांना रेलिंगपलीकडे सावलीच्या तुकड्यात बसवलं आणि थोडं पुढे चालत जाऊन सिग्नलच्या दोन दांड्या मिळाल्यावर फोन लावला.

पहिला प्रश्न: सुरक्षित जागी आहात का? मग माइल मार्कर (कडेच्या मैलाच्या पाटीचा आकडा), दिशा, ट्रेलरची लांबी, ॲक्सल किती, टायरचा साइज, स्टेपनी चांगली आहे का, लग नटना (चाकाच्या नटांना) कुलूप आहे का. हे सगळं वहीच्या त्याच पानाच्या मागे लिहिलेलं असल्यामुळे पटापट वाचून दाखवलं. दीड तास म्हणाले. तासाभराने मेसेज आला की त्या गॅरेजवाल्याने काम सोडलं, दुसरा शोधतोय. ही गोष्ट प्लॅन घेताना कुणी सांगत नाही: तुम्ही पैसे भरता त्या कंपनीचे स्वतःचे ट्रक बहुधा नसतातच. ती फोन करते स्थानिक माणसांना, आणि शंभर मैलांच्या टापूत असे किती असणार! सासूबाईंनी तोवर थर्मासमधला चहा संपवून मुलांना पत्ते वाटले होते.

दुसरा माणूस ग्रीन रिव्हरकडून आला. त्याने आधी मागे दिवे लावून ट्रक तिरका उभा केला, शंकू मांडले. जॅक लावलाच नाही. ट्रेलरच्या चांगल्या चाकापुढे रबराची उतरती फळी ठेवली, नवऱ्याला गाडी हळू पुढे घ्यायला सांगितली, आणि फुटलेलं चाक आपोआप अधांतरी झालं. बाबा रेलिंगवरून ओणवे होऊन हे बघत होते. "दोन ॲक्सलला हे चांगलं आहे," एवढंच म्हणाले, पण पुढे मुक्कामाला पोहोचेपर्यंत तोच विषय. आता तशी फळी आमच्याकडेही आहे. माणसाने टॉर्क रेंचने नट आवळले, पन्नास मैलांवर पुन्हा तपासा म्हणाला, फेंडरचा तुकडा टेपने बांधून दिला आणि सहीपुरता कागद पुढे केला. टेपचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

नवीन टायर सलायनात गेल्यावर स्वतःच्या पैशाने घेतला, दोन्ही बदलले. पावत्या जपून ठेवल्या. फेंडरचं बिल ट्रेलरच्या विम्याकडे पाठवलं, पण ते डिडक्टिबलपेक्षा (आधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेपेक्षा) कमी भरलं म्हणून तिथून काही आलं नाही.

प्लॅन अजून तोच आहे. नूतनीकरण आपोआप होतं आणि पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी जाते, तेव्हा तारखेच्या आधी फोन करून मागितली की निदान थोडी तरी देतात. मधे गाडी बदलली, तर नवीन नंबरप्लेट त्यांच्या खात्यावर चढवून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात बॅन्फला जायचा विचार चाललाय. कॅनडातही दोन्ही वाहनं एकच घटना धरतात का, हे त्याआधी ईमेलवर लिहून घ्यायचं आहे.