चिकटलेलं शटर, भाग दोन: सुटलं, पुन्हा अडकलं, मग खरंच सुटलं

मागच्या अपडेटला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझ्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं अडकलेलं शटर चालू झालं. ते विसरा. चौथ्या दिवशी सकाळी सहज म्हणून कॉक केलं (म्हणजे स्प्रिंग ताणली), बटण दाबलं आणि पाती बारीक चांदणीएवढी उघडून तिथेच थांबली. जैसे थे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, कॅमेरा घडीचा, १२० फिल्मवर ६ बाय ६ च्या १२ फ्रेम देणारा, शटर सिंक्रो-कॉम्पूर, म्हणजे पाच पात्यांचं, लेन्सच्या मधे उघडझाप करणारं लीफ शटर. टॉर्च मारून बघितलं तर पात्यांवर तेलाची इंद्रधनुषी झाक, पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसते तशी. हे तेल कोणी ओतलेलं नसतं बरं का, आतलं जुनं ग्रीस इतक्या वर्षांत पातळ होऊन सरकत सरकत पात्यांपर्यंत पोचतं. पाती कागदासारखी पातळ आणि एकमेकांवर चढलेली, मधे तेल आलं की दोन ओल्या काचा चिकटाव्यात तशी चिकटतात, आणि स्प्रिंग बिचारी कोरडी पाती हलवण्याच्या हिशोबाने बनवलेली असते, तिचा जोर पुरत नाही.

मी काय केलं होतं, तर पुढची लेन्स काढली, लायटर फ्लुइडचे थेंब सोडले, वीस-तीस वेळा शटर मारलं, मस्त टक टक चालायला लागलं, आणि लगेच लेन्स बसवून मोकळा झालो. गाढवपणा. फ्लुइड तेल विरघळवतं पण बाहेर नेत नाही, ते उडून जातं आणि तेल पुन्हा पसरून बसतं, फक्त जागा बदलून. त्यामुळे नुसतं धुऊन चालू झालेल्या शटरवर आठवडाभर तरी विश्वास ठेवू नका, माझा तर चार दिवसांतच उडाला. (आणि गंज सोडवायचा स्प्रे मारायचा विचार कोणाच्या मनात असेल तर हात जोडून सांगतो, नको. तो मागे तेलच सोडून जातो.)

मग म्हटलं उघडूच. पुढच्या रिंगचा बारीक लॉक स्क्रू, रिंग, वेगाचं चक्र, त्याखालची खाचांची प्लेट, इथपर्यंत प्रत्येक पायरीला फोटो काढत गेलो, सगळं काम उभ्या काठाच्या ट्रेमध्ये, तरी एक स्क्रू उडालाच आणि अर्धा तास जमिनीवर रांगलो. मिळाला.

खाली एस्केपमेंट दिसतं, म्हणजे स्लो स्पीडचं गियर ट्रेन, शटर जास्त वेळ उघडं धरणारं. मला हाच भाग सगळ्यात आवडतो. डेकेल ह्या शटर बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या आधीच्या कंपाउंड शटरमध्ये स्लो स्पीडला हवेचा छोटा पिस्टन असायचा, १९१२ च्या सुमाराला कॉम्पूर आलं त्यात त्याजागी घड्याळासारखी दातेरी चाकं आली, नावातला 'उर' म्हणजे जर्मन भाषेत घड्याळच. एक सेकंदाला जी गुर्रर्र ऐकू येते ती ह्याचीच. माझ्याकडे ती गुरगुर मधेच गुदमरायची. एस्केपमेंट अख्खं काढून दोनदा नॅफ्थात (लायटर फ्लुइड म्हणजे तेच) बुडवलं, दुसऱ्यांदाही तळाला पिवळट गाळ आला. वाळल्यावर टोकदार काडीने चाक ढकललं तर एकदम फिरलं, मजा आली.

पण पाती धुवायची तर शटर बॉडीतून बाहेर काढायला लागतं, आणि त्याची रिंग मागून, लेन्स आणि बॉडीमधल्या घडीच्या भात्याच्या आत. तिथे माझा स्पॅनर सटकला. काचेला लागला नाही, रिंगवर चरा पडला, पण छातीत धस्स झालं ते झालं. डबा बंद केला आणि आयुष्यभर हेच काम केलेल्या एका काकांकडे गेलो.

काकांनी कॅमेरा हातात घेतला, काही न उघडता विचारलं, "सेल्फ टायमरला हात लावला होतास का रे?"

लावला होता. दुसऱ्याच दिवशी, बघू तरी चालतो का म्हणून लिव्हर व्ही वर (सेल्फ टायमरची खूण) नेली होती, ती अर्ध्यात रुतली होती आणि मी ते साफ विसरून गेलो होतो. म्हणजे दुखणी दोन होती, एक तेलाचं आणि एक माझं स्वतःचं. टायमर अर्ध्यात अडकला की शटर त्याची वाट बघत बसतं, मग तुम्ही पाती कितीही धुवा. जुना कॅमेरा हातात आला की व्ही ला हात लावायचा नाही, हे मी ऐकून होतो, तरीही. लिव्हर एक्स वर (इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची खूण) ठेवायची आणि विसरायची. एम सुद्धा नको, तो जुन्या फ्लॅशबल्बसाठी आहे, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला चुकीचं टायमिंग मिळतं.

त्यांनी मला शेजारी बसू दिलं हे माझं नशीब. एकेक पातं चिमट्याने उचलायचे, पांढऱ्या टिश्यूवर ठेवायचे, नॅफ्थाचा थेंब टाकायचे आणि हळूच ओढायचे. कागदावर करड्या रंगाची रेघ उमटायची. मग कागदाची कोरडी जागा, पुन्हा ओढायचं, रेघ फिकी. रेघ उमटायची बंद झाली की पातं उलटं करायचे. पाच पाती, दोन्ही बाजू, बोटाचा दाब कुठेच नाही कारण वाकलं की संपलं. मी विचारलं आता तेल किती? "पात्यांना? शून्य." एस्केपमेंटच्या फक्त टोकांना सुईने घड्याळाच्या तेलाचा ठिपका, तोही दिसेल न दिसेल इतकाच.

घरी आणून आठ दिवस नुसतं ठेवलं, रोज सकाळी एकदा मारून बघितलं. एकदाही अडकलं नाही. मग मोजमाप. फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदाची, त्यामुळे १/६० ला चार फ्रेम उघडं दिसायला हवं, तेवढं दिसतं. एक सेकंद २४० फ्रेमऐवजी २६४ भरला, म्हणजे १.१ सेकंद, चालेल. १/२५० च्या वर ही युक्ती कामाची नाही, तिथे फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारा छोटा भाग) माइकच्या जागी लावून आवाजासारखं रेकॉर्ड केलं. १/५०० ला २ ऐवजी २.७ मिलिसेकंद आले, म्हणजे खरा वेग १/३७० च्या आसपास. अर्ध्या स्टॉपच्या आत आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), निगेटिव्ह फिल्म एवढं सहज पोटात घालते, आणि ह्यासाठी स्प्रिंग ताणायला मी जाणार नाही.

फोकसने मात्र एक संध्याकाळ खाल्ली. पुढची लेन्स फिरवून फोकस होणारा प्रकार आहे, तिचे आटे एकापेक्षा जास्त ठिकाणाहून सुरू होतात, चुकीच्या ठिकाणी धरली तरी छान बसते आणि इन्फिनिटी, म्हणजे लांबच्या गोष्टींचा फोकस, गायब. काढताना खूण केली होती, पण पेन्सिलने, आणि ती नॅफ्थात पुसली गेली (हसू नका). शेवटी फिल्मच्या जागी धुरकट टेप ताणून लावला, मागून भिंग, लांबचा टॉवर समोर, तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. खूण टोकदार सुईने ओरखडून करा.

काल रोल धुतला. एकच भिंत, एकच ऊन, १/५०० ला एफ ४ पासून सुरू करून १/१५ ला एफ २२ पर्यंत, सहा फ्रेम, दर फ्रेमला वेळ दुप्पट आणि लेन्समधून येणारा प्रकाश निम्मा (एफचा आकडा मोठा तसं छिद्र लहान). शटर बरोबर असेल तर सगळ्या सारख्याच दाट यायला हव्यात. लाइट टेबलवर पहिली किंचित जास्त दाट, बाकी पाच मला तरी वेगळ्या सांगता येत नाहीत. पाचव्या फ्रेमच्या कोपऱ्यात एक गोल प्रकाशाचा डाग आलाय, तो शटरचा नाही, भात्याला भोक असणार. आज रात्री अंधारात टॉर्च आत घालून शोधतो.