कांद्याची पात पिवळी पडली तेव्हा

नाशिकला आमच्या घरामागे दहा फूट बाय चार फुटांचा वाफा आहे. माती काळी, भारी. गेल्या हिवाळ्यात 12 डिसेंबरला त्यात उन्हाळ कांद्याची लागण केली. रोप निफाडच्या मामांकडचं, दोनशेच्या आसपास काड्या. महिनाभर पात अशी तरारली होती की सासूबाई सकाळचा चहा वाफ्याशी बसूनच घ्यायच्या. मग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या पानांचे शेंडे पिवळे पडायला लागले आणि चार दिवसांत पिवळेपणा अर्ध्या पानापर्यंत उतरला.

मला वाटलं, खत कमी पडलं. मूठभर युरिया टाकला, वरून पाइपने भरपूर पाणी दिलं. आठवड्याभरात आतली पानं मऊ लुसलुशीत झाली, पण पिवळी पानं काही थांबेनात. दुकानात फोटो दाखवला तर 'करपा आहे', म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, म्हणून बुरशीनाशकाची पुडी हातात आली. ती मी फोडली नाही. आमच्याकडे याच वाफ्यातली पात खुडून भाजीला घेतात.

शेवटी मामांना फोन लावला. "मामा, काय फवारू ते तेवढं सांगा."

"फवारायचं राहू दे. एक पिवळं रोप उपट आणि एक चांगलं हिरवं. मुळं धू आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ."

चांगलं रोप उपटायला जीव होईना, पण उपटलं. त्याची मुळं पांढरी, दोऱ्यासारखी, घट्ट. पिवळ्या रोपाची मुळं तपकिरी. दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल निसटून यायची आणि आत केसाएवढा धागा उरायचा. वास गटारीचा. मामांनी बूड नखाने दाबून बघायला सांगितलं. बूड टणक होतं, बुरशीचा पांढरा थर नव्हता, म्हणजे कांदा वाचणार होता. पानांवर जांभळ्या मध्याचे खोलगट चट्टे नव्हते, तेव्हा जांभळा करपाही नव्हता.

मग वाफ्यात बोट खुपसलं. पाणी देऊन दोन दिवस झाले होते, तरी माती लोण्यासारखी. वाफा सपाट, उताराकडे बांध, पाणी निघायला वाटच नाही. आणि त्याआधी मी रोज संध्याकाळी पाणी देत होते! कांद्याची बहुतेक मुळं वीतभरही खोल जात नाहीत, सगळा कारभार वरच्या थरात. त्या थरात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि शेजारी खत पडलेलं असूनही ती ते उचलू शकत नाहीत. म्हणून लक्षण हुबेहूब नत्र कमी पडल्याचं दिसतं: आधी जुनी पानं, तीही शेंड्याकडून. मी उपाशी समजून ज्यांना वाढत होते, ती रोपं गुदमरलेली होती.

त्याच दिवशी बांध फोडून खालच्या अंगाला चर काढला. पाणी आठ दिवस पूर्ण बंद. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर, खुरप्याने हलकी खुरपणी केली. पिवळं पान पुन्हा हिरवं होत नाही, म्हणून मी फक्त मधल्या नव्या पानाकडे बघायचे. बाराव्या दिवशी मधलं पान गडद हिरवं वर आलं आणि उपटून पाहिलेल्या एका रोपाला बुडातून नवी पांढरी मुळं फुटलेली दिसली. उताराकडच्या तीन ओळी मात्र गेल्या.

युरियाचं देणं अजून बाकी होतं. कोवळ्या पातीवर चंदेरी ओरखडे दिसायला लागले. पानांचा बेचका उघडून पांढऱ्या कागदावर झटकला तर मिलिमीटरभर लांबीचे फिकट पिवळे जीव धावत सुटले. फुलकिडे. युरियाने लुसलुशीत झालेल्या पातीवरच ते आले होते. जूनमध्ये वेचून वाळवलेल्या निंबोळ्या घरात होत्या. लिटरला पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर भिजवल्या, सकाळी फडक्याने पिळल्या, त्यात थोडा साबण. पातीवर मेण असतं, साबणाशिवाय थेंब ओघळून जातो. फुलकिड्यांची अंडी पानाच्या आत असतात, त्यामुळे एका फवारणीवर भागत नाही. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा, संध्याकाळी, बेचक्यात उतरेल असं फवारलं. पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही बोट खुपसून बघितल्यावरच.

मार्चअखेरीस पात पुन्हा पिवळी पडायला लागली. पोटात गोळा आला. मामा म्हणाले, "आता पडू दे, कांदा तयार होतोय. पाणी तोड आणि माना पडतात का, म्हणजे पात कांद्याजवळ वाकून आडवी होते का, बघ." एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निम्म्याहून जास्त माना पडल्या तेव्हा काढणी केली. कांदे पातीसकट वाफ्यातच पसरले, एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यांवर येईल अशी, म्हणजे ऊन थेट लागत नाही. चार दिवसांनी माना पिळून वाळल्या, मग बोटाच्या एका पेराएवढी मान ठेवून पात कापली. साडेदहा किलो भरले. सासूबाईंनी त्यातले मोठे, बारीक मानेचे निवडून जिन्याखाली बांबूच्या पाटीत ठेवले आहेत.