संकष्टीची भरती

ठाण्यातील एका शाळेत मी भूगोल शिकवतो आणि गेली चौदा वर्षे शाळेच्या स्काऊट पथकाचे काम पाहतो. या काळात मुलांच्या लॉगबुकांवर किती सह्या केल्या याची मोजदाद नाही. मात्र मार्गशीर्षातल्या एका शनिवारच्या नोंदीखाली सही करायला मला चार दिवस लागले. त्या शनिवारची ही हकिकत आहे.

ज्यांचा स्काऊटशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये मूल प्रवेश घेते, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान पार करते, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. वरच्या दोन पुरस्कारांसाठी चाचणी शिबिरे होतात, आणि तिथे मुलाने बांधलेल्या गाठींइतकेच त्याचे लॉगबुकही पाहिले जाते, कारण वर्षभर त्याने काय केले याचा तोच पुरावा असतो. दहावीच्या सवलतीच्या गुणांशी या पुरस्कारांचा संबंध आल्यापासून पालकांचेही त्या वहीकडे बारीक लक्ष असते. त्यात मला वावगे वाटत नाही. मूल घराबाहेर पडते, पाठीवर ओझे घेऊन चालते, हे कोणत्याही कारणाने झाले तरी चांगलेच. अडचण येते ती वहीतली नोंद आणि प्रत्यक्ष चाल यांत अंतर पडू लागते तेव्हा.

अमेरिकेतील स्काऊट संघटनेचा 50 मैलांचा एक पुरस्कार आहे. किमान सलग पाच दिवस, पायी किंवा पाण्यातून, कोणत्याही इंजिनाची मदत न घेता 50 मैल जायचे आणि जोडीला प्रत्येकाने 10 तास सेवाकार्य करायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आमच्या मुलांना सलग पाच दिवस मिळणे कठीण. क्लास, परीक्षा आणि घरचे कार्यक्रम यांतून दोन दिवस सुटे करतानाही नाकी नऊ येतात. तरीही ती कल्पना मला भावली, आणि राज्य पुरस्काराची तयारी करणाऱ्या सहा मुलांसाठी मी तीन मोहिमा आखल्या : एक पाठपिशवी घेऊन मुक्कामाची, एक शिखराची आणि एक पाण्यातली.

पहिल्या दोन मोहिमा उत्तम पार पडल्या. मुरबाडमार्गे वैशाखरे गाठून मुले नाणेघाट चढली आणि सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातील ब्राह्मी अंक त्यांनी वहीत उतरवून घेतले. पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे, हा नियम मी निघण्यापूर्वी तराजू लावून पाळायला लावला होता. एकाच्या सॅकमधून तीन किलोंचा खाऊ परत घरी गेला. दुसऱ्या वेळी आसनगावला उतरून माहुली केला. ठाणे जिल्ह्यातील हा सर्वांत उंच गड, सुमारे 2,800 फुटांचा. वरच्या लोखंडी शिडीवर सहापैकी दोघांचे पाय थरथरले, पण मागच्याने पुढच्याच्या पावलांवर लक्ष ठेवायचे, हे त्यांना कोणी न सांगता जमले.

तिसरी मोहीम खाडीतली होती. उल्हास नदी कल्याणकडून येते, ठाण्याच्या उत्तर अंगाला वळसा घालते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. समुद्राचे पाणी या पात्रातून दिवसातून दोनदा वर चढते आणि दोनदा उतरते. गायमुखला कॅनो पाण्यात सोडायच्या, भरतीच्या पाठबळावर कोलशेतपर्यंत जायचे, तिथे उतरून किनाऱ्यावरचे प्लॅस्टिक गोळा करायचे आणि घरी परतायचे, असा बेत होता. परवानग्या काढल्या होत्या, पोलीस चौकीत कळवले होते, प्रत्येकाला पोहता येत होते आणि प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट होते. दोघांत एक अशा तीन कॅनो, आणि सोबत प्रशिक्षक व मी एका यांत्रिक होडीत. कयाकला दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे असते, कॅनोला एकाच टोकाला. त्यामुळे दोघांपैकी एक उजवीकडे आणि एक डावीकडे एका लयीत मारत राहिले नाहीत, तर ती सरळ जात नाही. आधीचे तीन रविवार मुलांनी तलावात हाच सराव केला होता.

चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा या सहांत होता. निघण्याच्या दिवशी सकाळी गायमुखच्या धक्क्यावर त्याने मला विचारले, "सर, आज तिथी कोणती?"

"संकष्टी आहे आज. का रे, उपास आहे का?" मी म्हणालो.

"नाही सर. चतुर्थी म्हणजे तीनला पूर्ण भरती. आजी म्हणते, तिथीला पाऊणने गुणायचं."

मी भूगोल शिकवतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते हे दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहितो, आणि तरीही चार गुणिले पाऊण बरोबर तीन हा हिशेब मी कधी ऐकला नव्हता. खिशातले भरतीचे कोष्टक काढून पाहिले, तर मुंबई बंदराची वेळ तीनला पाच मिनिटे कमी अशी छापलेली होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विषय तिथेच संपला. तो संपायला नको होता, कारण त्या मुलाने मला तिथी विचारली होती ती आम्ही अजून काठावरच उभे होतो म्हणून.

बाराला निघायचे ठरले होते. झेंडा दाखवण्यासाठी एका पाहुण्यांना बोलावले होते आणि ते घोडबंदर रोडच्या वाहतुकीत अडकले होते. त्यांनी मोहिमेचा काही खर्च उचलला होता, त्यामुळे त्यांच्यावाचून निघणे मला प्रशस्त वाटेना. ते आले, चार शब्द बोलले, पालकांनी फोटो काढले. पहिले वल्हे पाण्यात पडले तेव्हा सव्वा वाजला होता. हा निर्णय सर्वस्वी माझा होता. प्रशिक्षकांनी दोनदा घड्याळ दाखवले होते.

पहिला दीड तास सुरेख गेला. पाणी मागून ढकलत होते, मुलांची लय जमली होती, आणि नागला बंदराच्या पुढे दोन्ही काठांवर तिवरांची हिरवी भिंत सुरू झाल्यावर बोलणे आपोआप कमी झाले. निसर्गनिरीक्षणाच्या नोंदीसाठी पक्षी टिपायचे होते. बगळे आणि खंड्या झाले, तुतवार झाला. तीन वाजून गेल्यावर संघनायकाने एका अरुंद फाट्यात शिरण्याची परवानगी मागितली. आत झाडीत काही मोठे पक्षी बसलेले दिसत होते. मी होकार दिला. वर खाडीत पाणी मुंबई बंदरापेक्षा उशिरा फिरते, म्हणजे अजून अवकाश आहे, असा माझा अंदाज होता आणि तो अर्धाच खरा होता. आत गेल्यावर मुले किती वेळ रमतील याचा विचार त्यात नव्हता.

पाणी एकसारखे उतरत नाही. ओहोटीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन. त्या दिवशीचा फरक 3 मीटर धरला तर पहिल्या तासात 25 सेंटीमीटर आणि पुढच्या तासात अर्धा मीटर. मोठ्या पात्रात हे कळतही नाही. फूटभर पाण्याच्या फाट्यात मात्र पहिल्या तासाअखेर तळ वर येतो.

साडेचारच्या सुमारास आतून शिटी ऐकू आली. तीन लांब, थांबून पुन्हा तीन लांब. संघनायक आणि सर्वांत धाकटा मुलगा यांची कॅनो फाट्याच्या तोंडापासून तीसेक मीटर आत चिखलावर बसली होती. आमच्या होडीचा पंखा आत नेणे शक्य नव्हते. आणि आम्ही पाहत असतानाच धाकट्याने कॅनो ढकलण्यासाठी एक पाय बाहेर टाकला.

तो पाय गुडघ्याच्या वर गेला. आवाज झाला नाही. तिवरांच्या श्वसनमुळांमधला तो काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल पायाभोवती मिटला एवढेच. मुलगा दुसरा पाय काढून जोर लावणार, तोच कोळीवाड्यातला मुलगा मागच्या कॅनोतून ओरडला, "दुसरा पाय टाकू नको! आडवा हो, होडीवर आडवा हो!" धाकटा पोटावर कॅनोच्या काठावर पडला. संघनायकाने वल्ह्याचे पाते चिखलावर सपाट टाकून त्यावर मुलाचा हात टेकवला आणि मग पाय पुढे-मागे हलवत, इंच इंच करत बाहेर काढला. बूट आतच राहिला. मला त्या वेळी मुलाच्या पायावरचा मोजा दिसत होता, अर्धा निघालेला, काळाकुट्ट, आणि त्याच्या शेजारून एक निवटी मासोळी आरामात उड्या मारत गेली.

सूर्यास्ताला दीड तास उरला होता आणि पुढची पूर्ण भरती पहाटे तीननंतर होती. दोरांची गरज होती. आमच्याकडचा एक दोर जाड आणि एक बारीक, कोणताही एकटा पुरणार नव्हता. सारख्या जाडीच्या दोरांना रीफ नॉट आणि वेगवेगळ्या जाडीच्या दोरांना शीट बेंड, हे प्रथम सोपानाला मी प्रत्येक मुलाकडून डझनावारी वेळा करून घेतो, आणि मुले कंटाळतात. त्या दिवशी फाट्याच्या तोंडाशी थांबलेल्या दोघांनी डोलणाऱ्या कॅनोत बसून ती गाठ मी काही सांगायच्या आत मारली. टोकाला अर्धी भरलेली पाण्याची बाटली बांधून दोर फेकला. तिसऱ्या फेकीला तो पोहोचला. संघनायकाने मागच्या टोकाच्या कडीत बोलाइनची गाठ बांधली, दुसरे टोक आमच्या होडीला अडकवले, आणि ओढ ज्या बाजूने येणार ते टोक हलके व्हावे म्हणून दोघेही पुढच्या टोकाला सरकून बसले.

इंजिनाने हळूहळू ताण दिला. कॅनो हलली नाही. तेव्हा कोळीवाड्यातल्या मुलाने पुन्हा सांगितले, "नुसती ओढू नका सर, चिखल धरून ठेवतो. त्यांना डुलायला सांगा." आतल्या दोघांनी डावी-उजवीकडे झोके द्यायला सुरुवात केली. काही मिनिटांनी तळाखाली पाणी शिरल्याचा एक ओला उसासा ऐकू आला आणि कॅनो हातभर सरकली. पूर्ण बाहेर यायला चाळीस मिनिटे लागली. कोलशेत तिथून फार दूर नव्हते, परंतु आता ओहोटी समोरून येत होती, मुले दमली होती आणि अंधार पडत होता. आम्ही तिन्ही कॅनो होडीला बांधून जवळच्या धक्क्यावर आणल्या. तिथल्या हातपंपावर धाकट्याचे पाय धुताना त्याने मला विचारले, "सर, आता बॅज नाही मिळणार का?"

दोन दिवसांनी एका पालकांचा फोन आला. बोलणे अत्यंत सभ्य होते. शेवटच्या थोड्याशा अंतराचा तर प्रश्न आहे, मुलांनी कष्ट तर केलेच आहेत, पूर्ण झाले असे लिहिले तर कोणाचे नुकसान होणार आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मुलांनी कष्ट केले होते हे खरेच होते. त्या चाळीस मिनिटांत त्यांनी जे दाखवले ते कोणत्याही चाचणी शिबिरात दाखवता येणार नाही, असे माझेही मत आहे. पण स्काऊटच्या नियमांतला पहिलाच नियम विश्वसनीयतेचा आहे, आणि ज्या वहीतल्या अंतरावर विश्वास ठेवता येत नाही तिच्यातल्या गाठीवर तरी चाचणी घेणाऱ्याने का विश्वास ठेवावा? मी त्यांना नाही म्हटले. त्यांना ते पटले असे मला वाटले नाही.

मुलांच्या वह्या आल्या तेव्हा सहाही जणांनी खरे लिहिले होते. संघनायकाने "नियोजित" आणि "प्रत्यक्ष" असे दोन रकाने आखून प्रत्यक्षाखाली "अपूर्ण, कारण फाट्यात शिरण्याचा माझा आग्रह" असे लिहिले होते. ते वाचून मी वही मिटून ठेवली. फाट्यात शिरायची परवानगी मी दिली होती. त्याआधी सव्वा तास काठावर मी घालवला होता. चौदा वर्षांचा मुलगा तो भार स्वतःच्या नावावर घेत होता आणि त्याखाली मी नुसती सही केली असती, तर त्याच्या खऱ्या नोंदीवर माझी खोटी मोहोर उमटली असती.

चौथ्या दिवशी सहाही वह्यांमध्ये सहीच्या वर मी माझ्या हाताने लिहिले : "ठरलेल्या वेळेपेक्षा सव्वा तास उशिरा प्रस्थान. भरतीची वेळ ठाऊक असूनही उशीर करण्याचा व फाट्यात जाऊ देण्याचा निर्णय स्काऊटमास्टरचा." त्याखाली तारीख टाकली. वर्गात वह्या परत दिल्या तेव्हा संघनायकाने ती ओळ दोनदा वाचली आणि काही न बोलता वही दप्तरात ठेवली.

मोहीम पुन्हा करायची होती. दिवस मुलांनीच ठरवावा असे मी सांगितले. मधल्या सुट्टीत कॅलेंडर काढून सहा डोकी त्यावर वाकली होती. पंधरवड्याने येणाऱ्या रविवारी पौषातली विनायकी होती, म्हणजे पुन्हा चतुर्थी आणि पुन्हा तीनच वाजता पूर्ण भरती. या वेळी झेंडा दाखवायला कोणाला बोलावले नाही, चेंदणीच्या आजी नातवाला सोडायला आल्या होत्या, त्याच धक्क्यावर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे एकदा बघून म्हणाल्या, "निघा आता."

संघनायकाच्या लॉगबुकात त्या दिवसाची नोंद अशी आहे : "प्रस्थान 12:00. फाट्यात शिरलो नाही, पक्षी बाहेरून पाहिले. कोलशेत 2:40. पाणी अजून चढते होते. प्लॅस्टिक गोळा केले, पाच पोती. त्यात एक बूट सापडला, पण तो आपला नव्हता."