बूनची सहल

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं आमचं गाव एम्स; तिथल्या मराठी मंडळींचे गणपती कधी ऑगस्टात येत, कधी सप्टेंबरात. बूनचा शनिवार मात्र कधी हलला नाही. सप्टेंबरात बूनला 'पफरबिली डेज' भरतात. पफरबिली म्हणजे वाफेचं इंजिन. पंधरा मैलांवरचं गाव. सकाळी डब्यात पुऱ्या आणि मटकीची उसळ भरायची, गाड्या काढायच्या, आधी गावातली मिरवणूक बघायची, मग लेजेस पार्कात वालुकाश्माच्या कड्यांखाली पंगत मांडायची.

बून हे रेल्वेनेच वसवलेलं गाव. १८६५ मध्ये आखणी झाली तेव्हा नाव होतं माँटॅना. १८७१ मध्ये ते बून झालं. शेजारचं बून्सबरो वयाने मोठं, पण १८८७ मध्ये तेच या नव्या गावाच्या पोटात गेलं. १९०० साली वस्ती नऊ हजारांच्या आत होती, १९२० पर्यंत साडेबारा हजारांच्या घरात पोचली आणि २०२० च्या जनगणनेत १२,४६०. शंभर वर्षं गाव तेवढंच! मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण आजूबाजूच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या आणि नदीपलीकडचं मॉइंगोना तर आता जेमतेम वस्तीपुरतं उरलंय.

जेवणं झाली की सगळे केट शेलीच्या पुलाखाली जायचो. मुलांना गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असे. ६ जुलै १८८१ ची रात्र, मुसळधार पाऊस. मार्ग तपासायला निघालेलं इंजिन हनी क्रीकवरचा पूल कोसळून चार माणसांसह पाण्यात गेलं. जवळच राहणारी केट कंदील घेऊन धावली. मध्यरात्रीची एक्स्प्रेस यायची होती. डिमॉइन नदीवरच्या लांब पुलावर पोचेपर्यंत कंदील विझला, म्हणून ही पोर चाचपडत, रांगत पलीकडे गेली आणि मॉइंगोना स्टेशनवर खबर दिली. परत येऊन तिनेच वाट दाखवली. चौघांतले दोघे वाचले.

एका वर्षी एका मैत्रिणीचे वडील भुसावळहून आले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. माझी गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "ते इंजिन एकटंच कसं होतं गं?" मी वाचलेलं सांगितलं: नदीचं खोरं खोल, चढ अवघड, म्हणून गाड्यांना मागून ढकलायला मॉइंगोनाला जादा इंजिनं ठेवत. काकांचा चेहराच उजळला. "अगं, हे तर बँकर! कसाऱ्याच्या घाटात आपण लावतो ते!"

मग त्यांनी मुलांना गोळा केलं, रुमालाची दरी केली, दोन काडेपेट्यांची गाडी केली. चढावर मागचं इंजिन का हवं, कपलिंगवर ताण कसा येतो, सगळं दाखवलं. समोरचा १८५ फूट उंचीचा पूल १९०१ मध्ये का बांधला, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. एवढ्या उंचीवरून थेट खोरं ओलांडलं की खाली उतरणं नको, पुन्हा चढणं नको, बँकर नको. इतकी वर्षं मी फक्त मुलीच्या धैर्याची गोष्ट सांगत होते. त्या जमिनीचा उतार माझ्या गोष्टीत नव्हताच.

केट पुढे १९०३ पासून मॉइंगोनालाच स्टेशन एजंट होती, हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे आपल्यातलीच."

तो पूल आता नुसता उभा आहे. २००९ पासून मालगाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात. आयोवात जन्मलेली आमची पोरं अजूनही गाडी दिसली की डबे मोजतात आणि शेवटचा डबा गेला की ओरडतात, "बँकर नाही!"